गेटवरची फुंकणी

शनिवार, १ नोव्हेंबर

आणि परत तेच! "पितोस का?" मी म्हटलं, ताई, दर फोनला हे विचारतेस, एकदा तरी जेवलास का ते आधी विचार. तर म्हणते, आई शेजारी बसलीय, तिला ऐकायचंय. म्हणजे प्रश्न आईचा आणि तोंड ताईचं. घर सोडून दोन वर्षं झाली, त्यात चार कामं बदलली, एका जागी माझा पाय ठरत नाही हे मान्य. पण म्हणून मी लगेच बाबांसारखा झालो काय? ती म्हणाली, "तुझा आवाज जड लागतोय." अगं, सर्दीने आवाज जडच होतो. या गोदीतलं वारं कानातून शिरून नाकातून निघतं, ते घरात बसून कसं कळणार?

काल आमच्या खोलीतल्या टकलूला मुलगी झाल्याचा फोन आला, म्हणून झाकणभर घेतली. तेवढ्याला कोणी पिणं म्हणत नाही.

ही वही ताईनेच दिलीय, रोज लिही म्हणजे अक्षर सुधारेल म्हणून. अक्षर आहे तसंच आहे. पण आज लिहायला कारण आहे.

आम्ही जहाजाच्या पोटात गंज खरवडत होतो, तिथे यार्डाचे साहेब स्वतः उतरले. सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि एकेकाच्या अगदी तोंडाजवळ येऊन दोन-दोन शब्द बोलले. माझ्यापाशी थांबले. नाकाने लांब श्वास घेतला. हसले. म्हणाले, "हाच."

सोमवारपासून मी गेटवर. काम काय, तर आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला ते दारू ओळखायचं यंत्र लावायचं. चुलीत फुंकतात तसं फुंकायचं, म्हणून सगळे त्याला फुंकणी म्हणतात. हिरवा दिवा लागला तर आत. लाल लागला तर कार्ड काढून घ्यायचं. दोन्हीची नोंद रजिस्टरमध्ये करायची.

आता, मीच का? सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. वशिला नाही, कोणाच्या गटात नाही. माझं तोंड स्वच्छ वाटलं असेल, दुसरं काय. पण मग हसले का? ते काही डोक्यातून जात नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

दोन दिवसांत कळलं की माणसाच्या तोंडाला काही लावलं की तो आधी विनोद करतो.

"काय फुंकणीवाले, चूल पेटली का?"

"जपून हां, मी फुंकलं तर उडशील." हा टकलू. रोज हाच विनोद करणार असं दिसतंय.

पत्रे कापणारा गॅसवाला तोंडात मूठभर लवंगा कोंबून आला होता. हिरवा लागला, तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. लवंगा कशाला?

आमच्याच खोलीतले आमेनकाका क्रेन चालवतात. त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेवटी आमेन असतं, म्हणून हे नाव. दिवा हिरवा लागला तर त्यालाही "आमेन!" म्हणाले, अख्खी रांग हसली. त्यांचा नियम इतरांपेक्षा कडक आहे. बाकीच्यांना पहिल्या लालला एक दिवस घरी. क्रेनवाल्याला एकाच लालला कायमचं घरी, वर लायसन्सवर शिक्का, म्हणजे कुठलंच यार्ड परत क्रेनवर चढू देत नाही. डोक्यावरून लोखंड नेणारा माणूस, बरोबरच आहे.

सात वाजून दहा मिनिटांनी साहेबांची गाडी आली. नियम म्हणजे नियम, मी फुंकणी घेऊन पुढे झालो. काच चार बोटं खाली आली.

"ही कामगारांसाठी आहे."

"साहेब, कागदावर सगळ्यांसाठी असं लिहिलंय म्हणतात."

"कागद मीच लिहिलाय."

काच वर. पण त्या चार बोटांतून अत्तराचा भपका आला आणि त्याच्याखालून दुसरा एक वास. तो ओळखायला मला फुंकणी लागत नाही. सहा वर्षांचा होतो तेव्हापासून ओळखतो.

मी गेट उघडलं.

फुंकणीच्या डब्याच्या झाकणात आतून एक चित्र चिकटवलंय. आधी पेला, मग बाण, मग घड्याळ, आणि घड्याळात पंधरा मिनिटांचा तुकडा काळा केलेला. खाली परक्या भाषेत मुंगीएवढी अक्षरं. म्हणजे प्यायलेल्याला पंधरा मिनिटांत गेटाबाहेर काढायचं, असं असणार.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

साहेबांच्या ड्रायव्हरने कागदात गुंडाळलेली बाटली आणून दिली. "गेटवर थंडी असते, साहेब म्हणाले." ट्रंकेत ठेवली. प्यायला नाही, परत करायला. लगेच परत केली तर त्यांना अपमान वाटेल, म्हणून थांबलोय.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी दात वाजत होते. झाकणभर. थंडीपुरतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

आमेनकाका मला ओढत घेऊन गेले. गेटासमोर टायरवाल्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी आठ-दहा जण उपासनेला जमतात. बसायला जुने टायर. पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री, महिन्यातून एकदाच येतात, बाकीचे रविवार काकाच शास्त्र, म्हणजे बायबल, वाचतात. मला वाटलं गाणी म्हणतील, चहा देतील आणि सोडतील. तर काकांनी उघडला नेमका तो भाग! एक आई आपल्या राजा झालेल्या मुलाला बजावते तो. की बाबा, पिणं हे राजांचं काम नव्हे, पिऊन तू कायदा विसरशील आणि ज्याला कोणी नाही त्याचा न्याय उलटा करशील.

हा भाग मला झोपेत विचारला तरी येतो. आई पगाराच्या दिवशी वाचायची. बाबांचं पाकीट हातात घ्यायची, आकडा बघायची आणि कमी भरला की भांडण नाही, रडणं नाही, चष्मा लावून हाच भाग मोठ्याने. मला घरी राजा म्हणतात. त्यामुळे मला वाटायचं शास्त्रात माझंच नाव आहे आणि बोलणी मलाच बसतायत. मी रडकुंडीला येऊन म्हणायचो, "मी नाही गं प्यायलो, आई." बाबा उंबऱ्यावर बसून हसायचे. "राजाने पिऊ नये ना? मी कुठे राजा? मी हमाल. पुढचं वाच की, पुढचं!" कारण पुढे लिहिलंय की जो मरायला टेकलाय, ज्याचा जीव कडू झालाय, त्याला द्या, त्याला त्याचं दुःख विसरू दे. तिथे आई पुस्तक मिटायची. पुढचं तिने कधी वाचलं नाही.

काकांनी पुढचं वाचलं. त्याच्याही पुढचं वाचलं, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. की ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तू तोंड उघड. मग पुस्तक गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "राजा म्हणजे मुकुटवालाच असं काही नाही. ज्याच्या एका शब्दावर दुसऱ्याचं पोट आहे, तो त्या घडीचा राजा. आमेन." आणि माझ्याकडे बघितलं.

का बघितलं? एवढं जाडजूड शास्त्र, त्यात नेमका हाच भाग? यांना बाटलीचं कळलंय. माझी ट्रंक कोणीतरी उघडलीय.

आल्या-आल्या ट्रंकेच्या कडीला काळा दोरा बांधला. बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारली. आता बघू.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दोरा तुटलेला! सकाळी थंडीसाठी मीच ट्रंक उघडली होती हे खरं, पण दोरा मी सोडला होता की तोडला होता, आठवत नाही. बाटली रेघेच्या चार बोटं खाली. माझी रोजची दोन-तीन झाकणं धरली तरी एवढी उतरत नाही. कोणीतरी पितंय.

टकलू नाही. त्याला लपवता येत नाही, प्यायला की मुलीचं नाव काय ठेवायचं ते सगळ्या मजल्याला विचारत फिरतो. राहिले काका. जेवण झालं की पेपरमिंट चघळतात, गेले आठ दिवस. पेपरमिंट कोण चघळतं? ज्याला वास मारायचाय तो.

वर उपदेश आम्हाला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज पहिला लाल पकडला. रंगकाम करणारा, चाळिशीचा माणूस. हात जोडत होता, काल रात्रीची उतरली नसेल म्हणाला. मी रांगेसमोर मोठ्याने म्हटलं, "उतरली नाही, तर तूच उतर." लोक हसले. कधी नाही ते लोक माझ्या वाक्यावर हसले.

संध्याकाळी साहेबांनी पाठ थोपटली. दुसरी बाटली आली.

खोलीत काका म्हणाले, "त्याच्याशी जरा नीट बोलला असतास तरी चाललं असतं रे." मी म्हटलं, "तुम्हाला का एवढा त्याचा कळवळा?" त्यांनी पेपरमिंट तोंडात टाकलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

जहाज उद्या सोडायचं म्हणून आज रविवारीही काम. मी पावणेसातपासून गेटवर होतो. थंडी मरणाची, त्यामुळे तीन झाकणं घेऊनच निघालो होतो, पण डोकं साफ होतं.

सातला दोन मिनिटं कमी असताना काका समोरून रस्ता ओलांडून पळत आले. धापा टाकत फुंकलं. लाल.

मी दिव्याकडे बघतच राहिलो. खोटं कशाला लिहू, मला आनंद झाला. पकडले!

काका म्हणाले, "अरे, आत्ता समोर उपासनेत प्रभुभोजन घेऊन आलो. दुपारी काम, म्हणून पाळकांनी सकाळीच ठेवलं. घोटभर द्राक्षारस घेतलाय, बस."

द्राक्षारस! माझ्याच आईच्या चर्चमध्ये मी लहानपणी चोरून तीन पेले द्राक्षारस प्यायलोय. सरबतासारखा गोड असतो, त्याने कधी कोणाला ठसकाही लागला नाही. मला शिकवतात? मी म्हटलं, "काका, देवाचं नाव तरी पुढे करू नका."

"थोडा वेळ थांबून परत फुंकू का?"

"एकदाच फुंकायचं असतं."

"बाळा, लायसन्स जाईल माझं. एकोणीस वर्षं चढतोय मी वर."

"मग आज कशाला चढवलीत?"

रांग हसली. टकलू तेवढा हसला नाही. काकांनी गळ्यातलं कार्ड काढलं, माझ्या हातात ठेवलं. आज आमेन म्हणाले नाहीत.

मग बदली माणूस क्रेनवर चढला, चार महिने शिकलेला. खाली उभं राहून हाताने खुणा करायला साहेब स्वतः. दहा वाजता त्यांनी 'थांब'ची खूण करायच्या जागी 'सोड'ची केली. पत्र्यांची चळत टकलूच्या पायावर आली. बूट कापून काढावा लागला. दोन बोटं गेली.

साहेबांची गाडी सकाळी आली तेव्हा काच पूर्ण वर होती. आज मी पुढेसुद्धा झालो नव्हतो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली. यांनी खुर्ची कधी कोणाला दिली नाही.

"कालच्या अपघातासाठी गुरुवारी सरकारी तपासणीवाले येतायत. रजिस्टरमध्ये काल माझ्या नावापुढे हिरवा लिही. आणि क्रेनवाला पिऊन आला म्हणून बदली माणूस लावावा लागला, हेही. ते तर खरंच आहे. शुक्रवारी त्याला तिकीट देऊन घरी पाठवतोय."

"साहेब, तुम्ही फुंकलं नव्हतं."

हसले. पहिल्या दिवशी हसले होते तसंच. "तू तरी कधी फुंकलंस का?"

असं का म्हणाले? गेटावरच्या कोठडीत येऊन बसलो तरी ते वाक्य कानातून जाईना. मी का फुंकेन? मी तर फुंकणीवाला. बरं, बघूया म्हणून, कोणी नाही बघून, फुंकलं.

लाल.

यंत्र बिघडलंय! म्हणजे काकांचा लालही... टायरवाल्याला हाक मारली, म्हटलं जरा फुंका हो. हिरवा. परत मी. लाल. परत टायरवाला. हिरवा. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आपला हात पुसत निघून गेला.

सकाळपासून तीनच झाकणं झाली होती. निदान मला तीनच आठवतात.

बुधवार, २६ नोव्हेंबर

काल एक थेंब नाही. पेन धरवत नव्हतं, म्हणून काल लिहिलं नाही. दोन्ही बाटल्यांतलं उरलंसुरलं मोरीत ओतलं. दुसरी बाटलीही जवळजवळ संपलेलीच होती. कोणी संपवली हे आता विचारत नाही.

आज सकाळी फुंकलं. हिरवा.

मग समोर गेलो. टायरवाल्याला म्हटलं, प्रभुभोजनाचा द्राक्षारस उरलाय का? अंगठ्याएवढा पेला भरून दिला. तोंडात घेतला आणि जीभ पोळली. हे सरबत नव्हे! "अहो, ही तर खरी आहे."

"मग? द्राक्षारस म्हणजे काय असतो?"

आमच्या चर्चमध्ये वेगळंच काहीतरी देत होते आणि नाव एकच होतं. मी रस्ता ओलांडला, फुंकलं. लाल. डबा उघडा होता, झाकणातलं चित्र समोर. पेला, बाण, घड्याळ. कोठडीतल्या घड्याळाकडे बघत बसलो. पंधरा मिनिटं झाली, परत फुंकलं.

हिरवा.

म्हणजे पेल्यानंतर एवढा वेळ थांबायचं आणि मग फुंकायचं. तोंडातलं जाऊ द्यायचं, पोटातलं असेल तर मग दिसेल. काका हेच म्हणत होते. चित्रसुद्धा हेच म्हणत होतं.

उद्या तपासणीवाले. परवा काकांचं तिकीट. काकांची पिशवी भरून झालीय, पलंगाखाली ठेवलीय. माझ्याशी बोलतात, नेहमीसारखं बोलतात, तेच सहन होत नाही. मी लिहिलं हिरवा, तर गेट माझं राहतं. नाही लिहिलं, तर मी पुन्हा जहाजाच्या पोटात, तेही ठेवलं तर. आणि बोलून तरी उपयोग काय, साहेब आणि तपासणीवाले एकाच ताटात जेवत नसतील कशावरून?

गुरुवार, २७ नोव्हेंबर

तपासणीवाल्या बाई आल्या, चष्मा, हातात फाइल. साहेबांनी चहा मागवला, तो त्यांनी घेतला. मी म्हटलं, झालं. पण चहा पिऊन कप खाली ठेवला आणि रजिस्टर मागितलं.

साहेबांच्या नावापुढची जागा कोरी होती.

"हे काय?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "फुंकलं नाही. एकदाही नाही. मी गेट उघडत होतो." मग काकांचं सांगितलं, पेला, घड्याळ, सगळं. बोलताना जीभ अडखळत होती, आणि गंमत म्हणजे आज एक थेंब घेतलेला नव्हता.

साहेब म्हणाले, "बाई, हा स्वतः बेवडा आहे. याच्यावर काय विश्वास ठेवता?"

बाई मला म्हणाल्या, "तुमची स्वतःची नोंद कुठेय?"

नव्हतीच. पेन मागितलं आणि त्यांच्यासमोर लिहिलं: फुंकणीवाला, सोमवार, लाल. रविवारी फुंकलं असतं तरी लाल. अक्षर वाईट आलं. ताईला आवडलं नसतं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काल बाईंनी काकांना समोर बसवलं, अंगठ्याएवढा द्राक्षारस दिला, लगेच एकदा फुंकायला लावलं, पंधरा मिनिटांनी परत. लाल आणि मग हिरवा. "आमेन," काका म्हणाले. बाईसुद्धा हसल्या. कार्ड परत मिळालं, लायसन्सवर शिक्का नाही.

मला गेटवरून काढलं. पंधरा दिवस बिनपगारी, पैसे याच पगारातून कापले, मग परत गंज. त्या रंगकाम करणाऱ्याने जिन्यात गाठून विचारलं, "उतरली का?" मी म्हटलं, उतरली. एवढं त्याचं माझ्याकडे देणं होतंच.

साहेब रजेवर आहेत म्हणतात. पण काल त्यांची गाडी गेटातून आत जाताना मी बघितली, काच वर. रजेवरचा माणूस यार्डात कशाला येतो? अजून काहीतरी शिजतंय.

आज काकांना एकदाचं विचारलं. "पेपरमिंट कशासाठी?"

"दाढ दुखते रे. उपटायला भीती वाटते."

"आणि माझी ट्रंक कोणी उघडली?"

टकलू पलंगावर पाय उशीवर ठेवून पडला होता, तो एवढा हसला की कळ लागून ओरडला. "अरे, रोज रात्री तूच दोरा बांधायचास आणि सकाळी तूच कचकन तोडायचास! आम्ही पांघरुणातून बघायचो. म्हणायचो, झालं साहेबांच्या हस्ते उद्घाटन."

काका हसले नाहीत. मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं, मग त्या रविवारी तो भाग मुद्दाम वाचलात ना?"

"हो," म्हणाले. "दुसरं कसं सांगणार होतो? तू कोणाचं ऐकत होतास?"

म्हणजे माझा एक तरी संशय खरा निघाला.

सोमवार, १ डिसेंबर

ताईचा फोन आला. पितोस का? मी म्हटलं, आईला दे. आई म्हणाली, "राजा, बोल." म्हटलं, "सर्दी आहे, नंतर बोलतो." ठेवला.

टकलू म्हणाला, कमी पडतात ते माझ्याकडून घे, नेहमीएवढे पाठव, कशाला घरच्यांच्या जिवाला घोर. दोन बोटं गेलेला माणूस मला देऊ करतोय. नको म्हटलं. दर महिन्याला अकरा हजार पाचशे जातात, एकदाही कमी नाही. आई आकडा बघणार. आकडा बघितला की तिला दुसरं काही सांगावं लागत नाही, ते बाबांना कधी कळलं नाही, मला कळतंय.

पैसे पाठवायच्या खिडकीवर उभं राहून फॉर्म भरला. निरोपाच्या चौकटीत थोडेच शब्द मावतात. लिहिलं: आई, या वेळी पुढचंही वाच, अगदी शेवटपर्यंत. तुझा राजा.

खाली रकमेची चौकट. सात हजार तीनशे.